ओळख पटल्यावाचून काम नाही : यूएसबी उपकरणे, त्यांचे ड्रायव्हर आणि बिघाडाचा शोध

दिनांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या छोट्याशा गावी देशातील पहिले आधार क्रमांक नागरिकांच्या हाती देण्यात आले. दिल्लीत मुख्यालय असलेल्या प्राधिकरणाने हाती घेतलेल्या या योजनेत पुढे १३० कोटींहून अधिक लोकांची नोंद झाली. आधार-नोंदणीच्या एखाद्या केंद्रावर जाऊन तेथील टेबलाकडे नीट पाहिले, तर सामग्री अगदी मोजकी दिसते : एक संगणक, बोटांचे ठसे घेणारे यंत्र, बुबुळाची प्रतिमा टिपणारे यंत्र आणि एक कॅमेरा. ही यंत्रे संगणकास बारीक तारांनी जोडलेली असतात. यंत्र चांगले, संगणक चांगला, वीजही आहे. परंतु त्या तारेच्या एका टोकास असलेल्या यंत्राची ओळख दुसऱ्या टोकाच्या संगणकास पटली नाही, तर दूरवरून पायपीट करून आलेल्या माणसास ‘आज मशीन चालत नाही, उद्या या’ एवढेच उत्तर मिळते.

ही ओळख कशी पटते, ती पटविणारा ‘ड्रायव्हर’ नावाचा मध्यस्थ कोण आणि ओळख पटेनाशी झाली म्हणजे दोष कोठे व कोणत्या क्रमाने शोधावा, हे या लेखात सांगावयाचे आहे. शाळेतील प्रिंटर, ग्रंथालयातील बारकोड वाचणारे यंत्र, घरचा पेन ड्राइव्ह या सर्वांना हीच कहाणी लागू आहे.

एका खाचेचा जन्म

१९९० च्या सुमारास संगणकाची मागील बाजू म्हणजे नाना आकारांच्या खाचांचे प्रदर्शनच असे. प्रिंटरची खाच रुंद, मोडेमची निराळी, कळफलकाची गोल, खेळाच्या दांड्याची आणखी वेगळी. नवे उपकरण जोडावयाचे तर पुष्कळदा संगणक बंद करावा लागे, त्याची पेटी उघडून आत कार्ड बसवावे लागे, आणि दोन उपकरणांनी एकच अंतर्गत क्रमांक मागितला की दोन्ही अडून बसत.

ही अडचण दूर करण्याच्या विचाराने ज्यांच्या मनात घर केले, त्यांमध्ये अजय भट्ट हे अभियंते प्रमुख होत. त्यांचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले. गायकवाडांच्या या नगरीशी मराठी वाचकाचा जुना ऋणानुबंध असल्याने ही गोष्ट त्यास विशेष आपुलकीची वाटेल. पुढे न्यूयॉर्क येथे उच्च शिक्षण घेऊन १९९० मध्ये ते इंटेल या कंपनीत दाखल झाले. घरी कन्येच्या शाळेचे काम प्रिंटरवर छापताना कुटुंबीयांची होणारी त्रेधा पाहून, भिंतीवरील विजेच्या प्लगाइतकी सोपी जोडणी संगणकास का असू नये, असा प्रश्न आपणास पडला, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे.

एकट्या कंपनीने हे काम होण्यासारखे नव्हते. इंटेल, कॉम्पॅक, डिजिटल, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्दर्न टेलिकॉम या सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये ‘युनिव्हर्सल सीरियल बस’, म्हणजेच यूएसबी, या मानकाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्या आवृत्तीत सेकंदास दीड कोटीच्या आत, म्हणजे १ कोटी २० लक्ष द्विमान अंक वाहून नेण्याची सोय होती. २००० सालच्या दुसऱ्या आवृत्तीत हा वेग ४८ कोटींवर आणि २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत ५०० कोटींवर गेला. या कार्याबद्दल भट्ट व त्यांचे इंटेलमधील सहकारी यांना २०१३ साली युरोपियन इन्व्हेंटर अवॉर्ड देण्यात आला.

प्लग एका बाजूनेच बसतो, उलटा धरला की बसत नाही, ही सर्वांची तक्रार. दोन्ही बाजूंनी बसणारा प्लग करावयाचा तर तारा व मंडले वाढली असती, खर्च वाढला असता, आणि मानक स्वस्त असल्यावाचून कोणी स्वीकारले नसते, असे भट्ट यांचे त्यावरील उत्तर आहे. दोन्ही बाजूंनी बसणारा ‘टाइप-सी’ प्लग त्यानंतर २०१४ मध्ये आला.

प्लग बसताच काय घडते

मूळ यूएसबी केबलीत चार तारा असतात. दोन वीज पुरवितात. त्यांच्यातील विद्युत्‌दाब ५ व्होल्ट. उरलेल्या दोन निरोप वाहतात. उपकरण जोडले जाताच त्यातील १५०० ओहमचा एक लहानसा रोध निरोपाच्या दोन तारांपैकी एकीचा दाब वर खेचतो. दारावर थाप पडावी तसा हा संकेत संगणकास मिळतो. कोणती तार वर खेचली गेली यावरून पाहुणा मंदगती आहे की वेगवान, हेही प्रथमदर्शनीच कळते.

त्यानंतरचा विधी ठरलेला आहे. संगणक प्रथम उपकरणास ‘पूर्वस्थितीवर ये’ असा आदेश देतो. नवागताचा पत्ता या वेळी शून्य असतो. त्या पत्त्यावर संगणक विचारणा करतो, ‘तू कोण?’ उपकरण आपले वर्णनपत्र पुढे करते. या वर्णनपत्रात दोन अंक फार महत्त्वाचे : एक निर्मात्याचा क्रमांक, दुसरा त्या निर्मात्याच्या वस्तूचा क्रमांक. मग संगणक उपकरणास १ ते १२७ यांपैकी एक पत्ता नेमून देतो. पत्त्यासाठी सात द्विमान अंक राखून ठेवलेले आहेत. त्यांतून १२८ संख्या तयार होतात व शून्य नवागतासाठी मोकळा ठेवावा लागतो, म्हणून एका संगणक-शाखेवर १२७ हून अधिक उपकरणे नांदू शकत नाहीत.

विजेचेही असेच. ओळख पटेपर्यंत उपकरणाने १०० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह घ्यावयाचा नाही. ओळख पटून परवानगी मिळाल्यावर दुसऱ्या आवृत्तीच्या नियमानुसार ५०० मिलिअँपिअरपर्यंत घेता येतो.

एवढे सगळे निमिषमात्रात आटोपते. परंतु येथवर झाली ती केवळ नावगावाची चौकशी. उपकरणाशी प्रत्यक्ष बोलणे अजून सुरू व्हावयाचे आहे, आणि ते ड्रायव्हरवाचून होत नाही.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषी

‘ड्रायव्हर’ या शब्दाचा सरळ मराठी अर्थ ‘चालक’. परंतु संगणकातील ड्रायव्हरचे काम गाडी हाकण्यापेक्षा दुभाष्याच्या कामाशी अधिक जुळते. अठराव्या शतकात पेशव्यांचे वकील म्हणून हिंगणे घराण्यातील पुरुष दिल्लीच्या दरबारी राहत. पुण्याचा हेतू दरबारी रीतीने मांडावयाचा आणि दरबाराचा कल पुण्यास कळवावयाचा, असे ते दुहेरी काम होते. ड्रायव्हर हा असाच वकील. संगणकाची कार्यप्रणाली म्हणते, ‘हे पान छाप.’ प्रिंटरला ही भाषा समजत नाही. त्यास अमुक ठिकाणी शाई, अमुक वेळी कागद पुढे, अशा त्याच्या जातीच्या आज्ञा लागतात. मधला अनुवाद ड्रायव्हर नावाचा क्रमादेश करतो.

असे दुभाषी दोन प्रकारचे असतात. कळफलक, माऊस, पेन ड्राइव्ह, कॅमेरा अशा सामान्य उपकरणांचे वर्ग मानकातच ठरवून दिलेले आहेत. त्या वर्गातील सर्व उपकरणे एकच भाषा बोलतात, आणि त्या भाषेचा दुभाषी कार्यप्रणालीत आधीपासूनच हजर असतो. म्हणून कोणत्याही कंपनीचा पेन ड्राइव्ह कोठेही चालतो. दुसरा प्रकार विशेष उपकरणांचा : ठसे घेणारे यंत्र, डिजिटल सहीचा टोकन, बहुतेक प्रिंटर, प्रयोगशाळेतील मापकयंत्रे. त्यांचा दुभाषी निर्मात्याने स्वतः द्यावा लागतो. तोही विंडोज, लिनक्स इत्यादी प्रत्येक कार्यप्रणालीसाठी वेगळा, आणि बहुधा तिच्या प्रत्येक पिढीसाठी नव्याने. जुने पण धडधाकट यंत्र नव्या संगणकावर मुके होते, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

हा दुभाषी कार्यप्रणालीच्या अगदी गाभ्यात वावरत असल्यामुळे त्याची चूक फार महाग पडते. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागो येथील कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स विंडोज ९८ या नव्या कार्यप्रणालीचे गुण दाखवीत होते. त्यांच्या सहकाऱ्याने एक स्कॅनर यूएसबीने संगणकास जोडला. ड्रायव्हर आपोआप येऊन काम सुरू होईल, हे दाखवावयाचे होते. त्याऐवजी संपूर्ण पडदा निळा झाला आणि संगणक थांबला. सभागृह हास्याने दुमदुमले. अजून ही प्रणाली विक्रीस का काढलेली नाही, याचे हेच कारण असावे, असे म्हणून गेट्स यांनीही हसून वेळ निभावली. दोन महिन्यांनी ती प्रणाली बाजारात आली.

दोष शोधण्याचा क्रम

वैद्य जसा नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही, तसे येथेही करावे. ‘ड्रायव्हर पुन्हा घाला’ हा सल्ला सर्वत्र मिळतो. परंतु दोष ड्रायव्हरात नसेल तर दहा वेळा घालूनही उपयोग नाही. वर सांगितलेला विधी ज्या पायरीवर अडला, त्या पायरीशीच दोष असतो.

पहिली पायरी तारेची. केबल बदलून पाहावी. काही केबली केवळ मोबाइल भारित करण्यासाठी केलेल्या असतात. त्यांत निरोपाच्या तारा नसतातच, त्यामुळे उपकरणात दिवा लागतो पण संगणकास काहीच कळत नाही. दुसऱ्या आवृत्तीच्या मानकानुसार केबलीची लांबी ५ मीटरहून अधिक नसावी. एकाच खाचेतून अनेक खाचा काढणारा ‘हब’ मध्ये असेल तर तो दूर करून उपकरण थेट संगणकास जोडावे; ज्यास स्वतंत्र वीज नाही असा हब अनेक उपकरणांची भूक भागवू शकत नाही. जास्त प्रवाह घेणारी हार्ड डिस्क वारंवार टकटक असा आवाज करून बंद पडत असेल, तर विजेची उणीव हे कारण प्रथम मनात आणावे.

दुसरी कसोटी अदलाबदलीची. तेच उपकरण दुसऱ्या संगणकास, आणि दुसरे उपकरण त्याच खाचेस जोडून पाहावे. या दोन साध्या प्रयोगांनी दोष उपकरणात आहे, खाचेत आहे की संगणकाच्या आतील व्यवस्थेत आहे, याचा बहुतेक निवाडा होतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगशाळेचा नियम येथेही पाळला पाहिजे. केबल, खाच आणि ड्रायव्हर तिन्ही एकदम बदलल्यास काम सुरू होईलही, परंतु दोष कशात होता हे कळणार नाही.

यानंतर पडद्याकडे वळावे. विंडोजमध्ये ‘डिव्हाइस मॅनेजर’ नावाची यादी उघडता येते. दोष असलेल्या उपकरणापुढे पिवळी खूण दिसते, आणि त्याच्या माहितीत एक संकेतांक दिलेला असतो. हे संकेतांक फार बोलके आहेत.

संकेतांक ४३ म्हणजे उपकरणाने अडचण कळविली म्हणून ते थांबविले गेले. त्यासोबत ‘अज्ञात उपकरण, वर्णनपत्राची मागणी फसली’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर असेल, तर ‘तू कोण?’ या पहिल्याच प्रश्नास उत्तर मिळालेले नाही. दुभाष्याची गरज लागण्याआधीच गाडी अडली. अशा वेळी ड्रायव्हरच्या मागे न लागता केबल, खाच आणि उपकरण यांचीच तपासणी करावी.

संकेतांक २८ म्हणजे ओळख पटली, पण दुभाषी सापडला नाही. येथे मात्र ड्रायव्हर मिळविला पाहिजे. उपकरणाच्या माहितीतील ‘डीटेल्स’ या पानावर ‘हार्डवेअर आयडी’ निवडल्यास निर्मात्याचा व वस्तूचा असे दोन चार-चार अक्षरी क्रमांक दिसतात. डब्यावरील नावापेक्षा हे क्रमांक अधिक विश्वासार्ह. ते टिपून निर्मात्याच्याच अधिकृत स्थळावरून, आपल्या कार्यप्रणालीस जुळणारा ड्रायव्हर घ्यावा. कोणताही ड्रायव्हर फुकट देऊ करणाऱ्या अनोळखी ठिकाणांपासून दूर राहावे.

संकेतांक १० म्हणजे दुभाषी आला, परंतु त्यास उपकरण सुरू करता आले नाही. ड्रायव्हर चुकीच्या पिढीचा असण्याचा संभव मोठा. जुना ड्रायव्हर रीतसर काढून टाकावा, उपकरण सोडवून ठेवावे, संगणक पुन्हा सुरू करावा आणि मग योग्य ड्रायव्हर घालावा. काही प्रिंटरांच्या बाबतीत ड्रायव्हर आधी व केबल नंतर, असा क्रम निर्मात्याने सांगितलेला असतो. तो उलटविल्यास चुकीचा दुभाषी ठाण मांडून बसतो.

संकेतांक ५२ म्हणजे ड्रायव्हरवरील डिजिटल सही पडताळता आली नाही. ही अट केवळ उपद्रव नव्हे. २०१० मध्ये उजेडात आलेला स्टक्सनेट हा घातक क्रमादेश पेन ड्राइव्हमधून पसरत असे, आणि आपले ड्रायव्हर खरे भासावेत म्हणून त्याने नामांकित कंपन्यांच्या चोरलेल्या सह्या वापरल्या होत्या. चोरास सही चोरावी लागली, यावरूनच त्या सहीचे मोल कळते. म्हणून ही तपासणी बंद करून काम उरकण्याचा मार्ग शाळा-ग्रंथालयांनी पत्करू नये.

आणखी दोन बारकावे. एका खाचेत चालणारे उपकरण शेजारच्या खाचेत लावताच पुन्हा ड्रायव्हर मागते, असा अनुभव येतो. उपकरणाच्या वर्णनपत्रात स्वतःचा अनुक्रमांक नसेल, तर विंडोज त्यास प्रत्येक खाचेवर नवा पाहुणा समजते. अशा उपकरणाची खाच ठरवून तेथे खूण करावी. दुसरे, काही वेळ चालून मग गप्प होणारे उपकरण. वीज वाचविण्यासाठी संगणक रिकाम्या उपकरणास झोपवितो आणि काही उपकरणे पुन्हा जागी होत नाहीत. डिव्हाइस मॅनेजरमधील वीज-व्यवस्थापनाच्या पानावर ही परवानगी काढून घेता येते.

सी-डॅकने तयार केलेली ‘बॉस’ किंवा लिनक्सवर आधारित अन्य प्रणाली वापरणाऱ्यांस डिव्हाइस मॅनेजर दिसणार नाही. तेथे ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा जोडलेल्या सर्व उपकरणांचे क्रमांक दाखविते आणि ‘डीमेसेज’ ही आज्ञा ओळखीच्या विधीतील प्रत्येक घडामोड क्रमाने वाचून दाखविते. यादीत उपकरण नसेल तर दोष तारेचा वा यंत्राचा. यादीत असून काम होत नसेल तर दुभाष्याचा.

दोष ड्रायव्हरचा नव्हताच

दिल्लीतील एका ग्रंथालयात प्रस्तुत लेखकाने पाहिलेला प्रसंग येथे सांगण्याजोगा आहे. पुस्तकांवरील बारकोड वाचणारे यंत्र एके दिवशी अचानक ‘बिघडले’. इंग्रजी ‘एल’ या अक्षराने सुरू होणारा दाखलअंक पडद्यावर ‘थ’ ने सुरू होऊ लागला. ड्रायव्हर दोनदा घालून झाला, नवे यंत्र मागविण्याचा विचारही झाला. वास्तविक हे यंत्र कळफलकाच्या वर्गात मोडते. ते केवळ अमुक कळ दाबली एवढेच कळविते, अक्षर कोणते ते संगणक ठरवितो. सकाळी कोणी मराठी पत्र लिहिण्यासाठी इन्स्क्रिप्ट कळफलक निवडला होता आणि तो तसाच राहिला होता. मोठ्या ‘एल’ची कळ त्या मांडणीत ‘थ’ची आहे. भाषा इंग्रजीवर आणताच यंत्र ‘दुरुस्त’ झाले. तर्क केला नसता, तर एक धडधाकट यंत्र भंगारात गेले असते.

नकली ओळखपत्रांचा प्रश्न

दक्षिण दिल्लीतील नेहरू प्लेस हा संगणक व त्याचे सुटे भाग यांचा देशातील एक प्रसिद्ध बाजार. तेथे काय किंवा पुण्या-मुंबईच्या बाजारांत काय, यूएसबीतून जुन्या सीरियल जोडणीचे काम करून घेणारी केबल सहज मिळते. शाळेच्या प्रयोगशाळेतील जुनी मापकयंत्रे तिच्याच आधारे चालू राहतात. अशा केबलीच्या टोकातील चिप अस्सल की नकली, हे ग्राहकास डोळ्यांनी ओळखता येत नाही.

ऑक्टोबर २०१४ मध्ये याचे परिणाम जगभर दिसले. एफटीडीआय या स्कॉटलंडमधील कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोजच्या नित्य अद्ययावतीकरणातून संगणकांवर पोहोचला. नकली चिप आढळताच तो तिच्यातील वस्तू-क्रमांक पुसून शून्य करी. काल चालणारे उपकरण आज निनावी झाले. दुसऱ्या संगणकावर नेले तरी ओळख पटेना. नकली माल करणारा नामानिराळा राहिला आणि भुर्दंड पडला तो अजाण ग्राहकास. तीव्र टीकेनंतर तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला. प्रोलिफिक या दुसऱ्या कंपनीचे नवे ड्रायव्हरही तिच्या जुन्या चिपा चालवीत नाहीत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये संकेतांक १० किंवा ‘ही चिप २०१२ पासून बंद झाली आहे’ अशा अर्थाची सूचना दिसते. म्हणून विशेष उपकरण घेताना किमतीबरोबरच त्याचा ड्रायव्हर कोण देतो व किती वर्षे देईल, हे विचारून घ्यावे, आणि हाती आलेला ड्रायव्हर उपकरणासोबत जपून ठेवावा.

यंत्राचा दोष माणसाच्या माथी नको

प्रारंभीच्या टेबलाकडे पुन्हा येऊ. २०१७ पासून आधार-प्रमाणीकरणासाठी ‘नोंदणीकृत उपकरणे’ अनिवार्य झाली. ठसा संगणकात उघडा न राहता सांकेतिक रूपातच पुढे जावा, हा त्यामागील हेतू. त्यासाठी ड्रायव्हरच्या जोडीला ‘आरडी सर्व्हिस’ नावाचा आणखी एक क्रमादेश लागतो. यंत्रात प्रकाश दिसतो, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण नाही, तरीही ठसा घेतला जात नाही, अशा वेळी ही सर्व्हिस चालू आहे काय आणि उपकरणाच्या नोंदणीची मुदत संपली तर नाही ना, हे पाहावे लागते.

परंतु यंत्र चालविणाऱ्याने याहून मोठी गोष्ट ध्यानी धरावयाची आहे. ठसा न उमटण्याची कारणे दोन : कष्टाने वा वयाने झिजलेली बोटे, किंवा तारेच्या या टोकास झालेला बिघाड. समोर उभ्या असलेल्या माणसास हा भेद कळत नाही. आपल्याच हाताचा दोष असे समजून तो निमूटपणे परत जातो. प्रमाणीकरण फसले एवढ्याच कारणाने पात्र व्यक्तीस लाभ नाकारला जाणार नाही, असे केंद्र शासनाच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात सांगण्यात आले होते आणि २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात त्याची नोंद आहे. तेव्हा केबल बदलून पाहणे, खाच बदलून पाहणे, संकेतांक वाचणे ही पाच मिनिटांची कामे केल्यावाचून ‘उद्या या’ म्हणणे योग्य नव्हे.

यंत्र कधी रुसत नाही आणि लहरही धरीत नाही. ते ठरलेल्या विधीच्या कोणत्या तरी एका पायरीवर थांबते, आणि कोठे थांबले हे बहुधा सांगतेही. ते वाचण्याची सवय शाळेतील विद्यार्थ्यांस लागली, तर पिवळ्या खुणेची त्यांना भीती वाटणार नाही.